माळ्यावरची एअरगन : जोर नको, सातत्य हवे

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत माळा आवरायला काढला की काही वस्तू हमखास निघतात. पितळी बंब, सतरंज्यांची गाठोडी, बंद पडलेला रेडिओ आणि कधीकधी एक एअरगन. आजोबांनी हौसेने घेतलेली, काकांनी कॉलेजात असताना चालवलेली आणि मग विसरलेली. नळीला गंज, दस्त्यावर धूळ आणि चाप ओढला तर नुसता ‘फुस्स’ आवाज. मग घरात दोन पक्ष पडतात. मोठे म्हणतात, भंगारात द्या. मुले म्हणतात, व्हिडिओ बघून आपणच दुरुस्त करू.

आमच्या स्नेहलतागंजातल्या घरीही अशी एक आहे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर रविवारी हाताला ग्रीस लागले की बरे वाटते, म्हणून हा छंद जडला. ओळखीतल्या कुणाची एअरगन बघायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “हिचा जोर वाढेल का?” माझ्या मते प्रश्न वेगळा हवा. “हिचे दहा छर्रे एकाच जागी लागतील का?” घरच्या घरी करायची सगळी देखभाल या दुसऱ्या प्रश्नासाठी असते.

आत काय घडते?

आपल्याकडच्या बहुतेक एअरगनमध्ये नळी मधोमध मोडून ‘लोड’ करतात. जर्मनीतल्या डायना कंपनीच्या जुन्या मॉडेलांवरून ही रचना आपल्याकडे रुळली. नळी खाली ओढली की आतला पिस्टन मागे सरकतो, जाड स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन चापाच्या खटक्यात अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते. पुढची हवा क्षणात दाबली जाते, सायकलच्या पंपासारखी पण कितीतरी जास्त तापते आणि छर्रा ढकलते.

गंमत अशी की छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच बंदूक दोनदा हलते. पिस्टन पुढे धावताना ती मागे येते, आणि तो पुढे हवेच्या गादीवर थांबला की ती पुढे झुकते. म्हणून स्प्रिंगची एअरगन घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. डावा हात नुसता आधाराला ठेवून तिला दर वेळी सारखीच हलू द्यायची. चांगली देखभाल म्हणजे ही हालचाल कमी करणे आणि दर वेळी एकसारखी करणे.

आधी कायदा बघा

शस्त्र नियम 2016 प्रमाणे छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा बोअर 4.5 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .177 पेक्षा मोठा असेल, तर त्या एअरगनला परवाना लागतो. जुन्या बंदुका 5.5 मिलिमीटरच्या, म्हणजे .22 बोअरच्याही असतात. नळीवर आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचा. .22 निघाली तर पान्याला हात लावण्याआधी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात चौकशी करा. ‘आजोबांची आहे’ हे कायद्यापुढे उत्तर होत नाही.

आता जोराचे गणित. 4.5 मिलिमीटरचा साधा छर्रा साधारण 0.52 ग्रॅमचा. तो सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा होते सुमारे 10.4 ज्यूल. इंग्लंडमध्ये परवान्याशिवायची मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूल आहे आणि जर्मनीत तर फक्त 7.5 ज्यूल. कागदावर अचूक नेम साधायला एवढा जोर पुरतो. जास्त कडक स्प्रिंग घातली तर ऊर्जा थोडीच वाढते. वाढतो तो धक्का, नळी मोडायला लागणारी ताकद आणि पिस्टनच्या वॉशरची झीज.

न उघडता करायची कामे

बिघडलेल्या नेमाचे सर्वांत साधे कारण म्हणजे सैल स्क्रू. दस्ता आणि लोखंडी भाग जोडणारे स्क्रू प्रत्येक धक्क्यासरशी थोडे ढिले होतात. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते आवळा, पण लाकूड चिरेल इतके नको. मग नळी मोडून तिला डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खेळ जाणवला तर बिजागरीचा बोल्ट आवळा.

पुढे बघायची नळीच्या मुळाशी असलेली रबरी किंवा चामड्याची रिंग. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि एक छर्रा सुरक्षित ठिकाणी झाडा. पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते आहे आणि रिंग बदलायला हवी.

नळी साफ करायला लोखंडी सळई नको. आतल्या पिळांना आणि तोंडाच्या कडेला ओरखडे पडतात. नायलॉनच्या दोऱ्याला सुती कापडाचा तुकडा बांधा आणि मुळाकडून तोंडाकडे ओढा. कापड स्वच्छ निघाले की थांबा.

तेलाबाबत आपल्याकडे फार गैरसमज आहेत. शिलाई मशीनचे तेल, खोबरेल, गंज सोडवणारे स्प्रे, जे हाती लागेल ते लोक हवेच्या छिद्रात सोडतात. तापलेल्या हवेत ते डिझेल इंजिनासारखे पेट घेते. धूर निघतो, मोठा आवाज होतो आणि बघणाऱ्याला वाटते, वा, काय जोर आला! प्रत्यक्षात वॉशर जळतो, स्प्रिंगला झटका बसतो आणि प्रत्येक छर्रा वेगळ्याच वेगाने जातो. जुना चामड्याचा वॉशर कोरडा पडला असेल तर सिलिकॉन तेलाचे दोन थेंब पुरतात. ते सोडून बंदूक रात्रभर उभी ठेवा. बिजागरीला मॉलिब्डेनम ग्रीसचा हलका हात द्या. असे ग्रीस जवळच्या सियागंजात मिळते.

आणखी एक, छर्रा न घालता एअरगन चालवू नका. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

उघडायची असेल तर

चाप ओढल्यावर ‘टणण्’ असा लांब आवाज येत असेल तर स्प्रिंग आतल्या दांड्यावर सैल बसून थरथरते आहे. हे दुरुस्त करायला बंदूक उघडावी लागते आणि इथेच खरा धोका आहे. बंदूक लोड नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते. मागचा ठोकळा हाताने धरून पिन काढली तर तो थेट तोंडावर येतो. सुताराकडे असतो तसा लांब क्लॅम्प लावून, स्प्रिंग दाबून धरून, पिन काढून मग क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच. क्लॅम्प नसेल तर हे काम जाणकार मेकॅनिककडे सोपवावे.

बाहेर काढलेली स्प्रिंग काचेवर घरंगळवून पाहा. वाकडी असेल तर डगमगत जाते, तेव्हा मूळ मापाची नवी घाला. सरळ असेल तर दोन्ही टोके बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. आतला दांडा झिजला असेल तर लेथवाल्याकडून नायलॉनचा, स्प्रिंगमध्ये अलगद घट्ट बसेल असा करून घ्या. स्प्रिंगवर दाट ग्रीसचा पातळ थर द्या. पिस्टनच्या वॉशरपुढे मात्र ग्रीस जाता कामा नये. एवढ्याने ‘टणण्’चा ‘ठप्’ होतो आणि हातातली थरथर जाते.

मोजा, मग बदला

सॉफ्टवेअरमध्ये एक सवय लागते : एका वेळी एकच बदल करायचा आणि लगेच तपासायचे. इथेही तेच. स्क्रू, रिंग आणि छर्रे सगळे एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

वेग मोजायला महागडे यंत्र लागत नाही. बंदुकीजवळ फोन ठेवून आवाज रेकॉर्ड करा. छर्रा सुटल्याचा एक आवाज आणि 10 मीटरवरच्या पत्र्यामागे आदळल्याचा दुसरा. कॉम्प्युटरवर दोन्हींतले अंतर मोजा. समजा ते 79 मिलिसेकंद आले. आवाजाला 10 मीटर परत यायला सुमारे 29 मिलिसेकंद लागतात. उरले 50, म्हणजे वेग सेकंदाला 200 मीटर. असे दहा वेळा करा आणि वहीत लिहा. आकडे जितके जवळजवळ, तितकी बंदूक निरोगी. नववी-दहावीतल्या मुलांना ध्वनीचा वेग आणि गतिज ऊर्जा समजवायला यापेक्षा चांगला प्रयोग मला सुचत नाही.

नेम कशावर?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दाट वस्तीतली गच्ची ही शूटिंग रेंज नव्हे. चुकलेला छर्रा कितीतरी घरे ओलांडून जाऊ शकतो. बंद लांबट जागा, मागे भिंत, पुढे जाड पत्रा लावून चिंध्या गच्च भरलेली पेटी आणि कुणीही अचानक येणार नाही याची खात्री, एवढे जमत असेल तरच कागद लावावा. मुलांजवळ मोठे माणूस हवेच, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रा घालताना नळी एका हाताने पक्की धरावी, कारण ती सुटून बंद झाली तर बोट कापते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावू नये. काम झाल्यावर बंदूक कुलपात आणि छर्रे दुसरीकडे.

आणि पक्षी? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे बहुतेक पक्ष्यांना संरक्षण आहे. कायदा नसता तरी उत्तर ‘नाही’ असेच आहे. मुंबईत लहानपणी सलीम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातले पक्षी दाखवले आणि त्या मुलाचे आयुष्यच बदलले. पण प्रत्येक पाडलेल्या चिमणीमागे मिलार्ड नसतात. आज आपल्या मुलाच्या हाती दुर्बीण द्यावी आणि एअरगनपुढे कागद ठेवावा.

कागदावरचा नेम किती पुढे नेतो याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयारी केलेल्या विजय कुमार यांनी 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य शूटिंग अकादमीतून पुढे आला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेच्या रायफली आता दाबून भरलेल्या हवेवर चालतात, त्यांना स्प्रिंगचा धक्का नसतो. पण श्वास रोखणे, चाप हळू दाबणे आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर न हलणे या सवयी माळ्यावरच्या बंदुकीवरही लागतात. उलट ती जास्त चटकन चूक दाखवते.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत ती सापडली तर लगेच भंगारात देऊ नका आणि लगेच मुलांच्या हातीही देऊ नका. आधी नळीवरचा आकडा वाचा, मग स्क्रू आवळा, आणि वहीत पहिले दहा आकडे लिहून काढा. पुढचे काय करायचे ते त्या आकड्यांवरून ठरवता येईल.