मोटारीच्या आसनातील फोमची दुरुस्ती

मोटारीच्या आसनातील फोमची दुरुस्ती म्हणजे चारचाकी वाहनाच्या आसनातील दबलेला, फाटलेला किंवा भुगा होऊ लागलेला फोम काढून त्या जागी योग्य प्रतीचा नवा फोम बसवणे होय. झिजलेला भाग तेवढाच बदलता येत असल्यामुळे हे काम साध्या हत्यारांनी घरीही करता येते. बोलीभाषेत फोमला ‘स्पंज’ आणि आसनाला ‘सीट’ किंवा ‘गादी’ असे म्हणतात. चालकाला रस्ता किती दिसतो, त्याचे पाय ब्रेकपर्यंत कसे पोहोचतात आणि सीटबेल्ट शरीरावर कोठून जातो, हे आसनाच्या उंचीवर व आकारावर अवलंबून असते. त्यामुळे ही दुरुस्ती जितकी आरामाची, तितकीच सुरक्षिततेचीही बाब आहे.

पार्श्वभूमी आणि रचना

पूर्वी मोटारींच्या आसनांत स्प्रिंगांवर काथ्या, घोड्याचे केस किंवा कापूस भरत असत. ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे पॉलियुरेथेनचे रसायन विकसित केले. १९५०च्या दशकात त्यापासून लवचीक फोम बनू लागला आणि पुढे तोच आसनांत रूढ झाला.

आजच्या आसनात सामान्यतः चार थर असतात : पोलादी सांगाडा, त्यावर नागमोडी तारांची जाळी, साच्यात घडवलेला फोम आणि सर्वांत वर कापडी किंवा रेक्झिनचे आवरण. फोम व तारा यांच्यामध्ये अनेकदा गोणपाटाचा किंवा जाड कापडाचा तुकडा असतो. तो फाटला की तारा फोमला खालून कापू लागतात.

झिजण्याची कारणे

फोम हा असंख्य सूक्ष्म पोकळ्यांनी बनलेला असतो. वारंवार दाब पडल्याने या पोकळ्यांच्या भिंती तुटतात आणि फोम पूर्ववत वर येईनासा होतो. भारतात चालक उजवीकडे बसतो व उजव्या दारानेच चढउतार करतो, म्हणून त्याच्या आसनाची उजवी उंचवट्याची कड सर्वांत आधी झिजते. उन्हाने फोम पिवळा व ठिसूळ होतो. दीर्घकाळ ओल व उष्णता राहिल्यास पॉलियुरेथेनचे रासायनिक विघटन होते. त्याने फोम चिकट होतो किंवा त्याचा भुगा पडतो.

आहुपे परिसरातील परिस्थिती

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव सह्याद्रीच्या मुख्य धारेवर वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुका लागतो. तालुक्याचे ठिकाण असलेल्या घोडेगावाहून आहुप्याकडे जाणारा रस्ता डिंभे धरणाच्या परिसरातून वळणे घेत चढतो. अशा रस्त्यावर चालकाचे शरीर सतत डावीउजवीकडे कलते आणि आसनाच्या कडांवर जास्त भार येतो. आसन खचले असेल, तर चढावर बॉनेटपलीकडचा रस्ता नीट दिसत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात येथे जोराचा पाऊस व दाट धुके असते. भिजलेले कपडे, इरली आणि चिखलाचे पाय यांमुळे आसनात मुरलेले पाणी अनेक दिवस सुकत नाही. म्हणून घाटमाथ्यावर ही दुरुस्ती दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करणे श्रेयस्कर ठरते. ओला फोम चुलीच्या धगीजवळ वाळवू नये, कारण पॉलियुरेथेन लवकर पेट घेते आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. सावलीत, वाऱ्यावर वाळवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

फोमची निवड

बाजारात फोम ‘डेन्सिटी’च्या आकड्याने विकला जातो. ‘४० डेन्सिटी’ म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम. घनता आणि कडकपणा या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. घनतेवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तर कडकपणावरून तो किती दबेल हे कळते. गादी किंवा उशीसाठीचा हलका फोम मोटारीच्या आसनात लवकर बसतो. त्यामुळे ४० किंवा त्याहून अधिक घनतेचा, चांगली उसळी असलेला फोम निवडावा. फोमचे तुकडे दाबून बनवलेला रिबॉन्डेड फोम फार कडक असतो. तो कडेच्या आधारासाठी चालतो, परंतु बैठकीच्या मध्यभागी टोचतो. मूळ आसनाचा शाबूत भाग आणि नवा तुकडा दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबून पाहिल्यास कडकपणाची तुलना सहज करता येते.

कृती

१. बॅटरीचे ऋण टोक सोडवून वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे. आसनाखालील वायरी व जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत. मग रुळांचे बोल्ट काढून आसन बाहेर घ्यावे.

२. आवरणाच्या कडांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा तारेच्या कड्या असतात. पट्ट्या हाताने सुटतात, कड्या पकडीने उघडाव्या लागतात. आवरण ओढून काढल्यास शिवण उसवते.

३. आसनावर सरळ पट्टी आडवी ठेवून खड्ड्याची खोली मोजावी. भुगा होत असलेला भाग घट्ट फोम लागेपर्यंत धारदार पात्याने कापावा. कापलेल्या जागेच्या बाजू सरळ व उभ्या ठेवल्यास ठिगळ सरकत नाही.

४. नवा तुकडा त्या जागेपेक्षा सर्व बाजूंनी ३ ते ५ मिलिमीटर मोठा कापावा, म्हणजे तो दाबून बसतो. दोन्ही पृष्ठांना सिंथेटिक रबराचे चिकटद्रव्य पातळ लावावे, ते बोटाला ओले न लागता चिकट लागू लागले की पृष्ठे जोडावीत. या द्रव्याची वाफ ज्वालाग्राही असते. काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे.

५. वर आलेला फोम कात्रीने मूळ आकाराइतका छाटावा. जोड जाणवू नये म्हणून वरून सुमारे १० मिलिमीटर जाडीचा मऊ फोमचा थर द्यावा. खालचे गोणपाट फाटले असल्यास नवे बसवावे.

६. फोम पूर्ण कोरडा असल्याची खात्री करून आवरण चढवावे. कड्या मिळाल्या नाहीत तर केबल टाय वापरता येतात. आसनाचे बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या ताणानेच आवळावेत आणि आसन पुढेमागे सरकवून प्रत्येक खाचेत ते अडकते का, हे पाहावे.

मर्यादा आणि दक्षता

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती सुकाणूचक्रात असते. बाजूची एअरबॅग मात्र अनेक मोटारींत आसनाच्या पाठीच्या कडेत असते व तेथे तशी खूणचिठ्ठी शिवलेली असते. अशा पाठीचा फोम किंवा आवरण घरी उघडू नये. जाडी बदललेली कड किंवा साध्या दोऱ्याची शिवण एअरबॅगला वेळेवर उघडू देत नाही. बैठकीत प्रवासी ओळखणारा संवेदक असल्यास, किंवा पोलादी सांगाड्याला तडा गेला असल्यास, काम प्रशिक्षित कारागिराकडे द्यावे. काम झाल्यानंतर फलकावरील एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहिला, तर जोडणी तपासल्याशिवाय वाहन चालवू नये.

खचलेल्या आसनावर सुटी उशी ठेवणे हा दुरुस्तीला पर्याय नाही. उशी सरकते आणि अचानक ब्रेक लागल्यास सीटबेल्टचा कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो. तो नितंबाच्या हाडांवर सपाट बसणे आवश्यक असते.

काढलेला जुना फोम चुलीत किंवा पाणी तापवण्याच्या बंबात जाळू नये. कोरडा आणि स्वच्छ तुकडा पिंपे किंवा अवजारे वाहताना खाली टेकण म्हणून वापरता येतो. भुगा झालेला फोम पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा.