पाणी ओकणारी तोंडं

भर पावसात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून छत्री उघडताना वर बघायचं कुणाला सुचतं? पण एकदा बघावंच. भिंतीतून दगडी जनावरं मान लांब करून बाहेर झेपावलेली दिसतील, जबडे उघडे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ही इमारत उभी राहिली. तिच्यावरचं बरंचसं कोरीव काम मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आपल्या ‘जे. जे.’मधल्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे.

अशा जनावरांना गार्गॉइल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घसा. गुळण्या करण्यासाठी इंग्रजीत असलेला ‘गार्गल’ हा शब्द याच कुळातला. युरोपात बाराव्या-तेराव्या शतकात उंच चर्च उभी राहू लागली, तेव्हा छपरावरच्या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्नच होता. ते भिंतीवरून ओघळलं, की सांध्यांतला चुना धुपतो. हिवाळ्यात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फोडतं. म्हणून पाणी लांब फेकायचं. जनावराच्या पाठीवर चर कोरायचा, तो घशातून बाहेर काढायचा आणि दगडाचा मागचा भाग भिंतीत पक्का दाबायचा. मान जितकी लांब तितकी धार भिंतीपासून दूर. तेव्हा ती लांबुडकी मान म्हणजे कारागिराची नुसती लहर नव्हे.

अर्थात, प्रत्येक विचित्र चेहरा गार्गॉइल नसतो. पॅरिसच्या नोत्र दामवर हनुवटी हातांवर टेकून बसलेला तो प्रसिद्ध राक्षस एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतला. त्याच्या तोंडून पाण्याचा थेंब पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयावरचं हाती तराजू घेतलेलं, एक डोळा झाकलेलं माकडही तसंच. एका नाराज ठेकेदारानं सूड उगवला, अशी आख्यायिका सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण माकड झकास आहे!

आपल्याला हे नवं नाही. जुन्या देवळांत गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून मकराच्या तोंडानं बाहेर पडतं.

मी नोकरी केली त्या जुन्या दगडी इमारतीला अशी चार तोंडं होती. कबुतरं घरटी करतात म्हणून एका उन्हाळ्यात ती सिमेंटनं बुजवली आणि प्लास्टिकचा पाइप उतरवला. पाइप पाल्यापाचोळ्यानं तुंबला. पुढच्या पावसाळ्यात दप्तराच्या कपाटामागची भिंत हिरवी पडली, खालच्या फायलींचा लगदा झाला. कचेरीत ठरलं, गच्चीला डांबर लावायचं. त्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “साहेब, कुत्र्याचं तोंड कुणी बांधलं?” मग छिन्नी मागवली. दोन तोंडं मोकळी झाली. उरलेल्या दोघांचे जबडे सिमेंटबरोबरच निखळून आले.