आधी खेळणे, मग चित्र

ट्रान्सफॉर्मर्स या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या, मोटारीचे किंवा विमानाचे रूप टाकून यंत्रमानवाचे रूप धारण करणाऱ्या खेळण्यांविषयी संग्राहकांच्या मेळ्यात गेली चाळीस वर्षे एक तक्रार अव्याहत चालत आलेली आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जो ऑप्टिमस प्राइम, जो मेगाट्रॉन, जो आयर्नहाइड मुलांनी डोळे भरून पाहिला, तो दुकानातून घरी आणलेल्या खोक्यात सापडत नसे; चित्रातला वीर बोलका, लवचीक आणि माणसासारख्या चेहऱ्याचा, तर हाती आलेला नग ताठर, चौकोनी, अंगभर चिकटचित्रे लावलेला आणि कित्येकदा धड मुखही नसलेला, असा हा आक्षेप आहे. आक्षेपातील वर्णन यथार्थ आहे. परंतु त्यावरून, चित्राची नक्कल करताना कारागिरांनी हयगय केली, असा जो निष्कर्ष काढला जातो तो इतिहासाच्या दाखल्यांपुढे उभा राहत नाही. या प्रकरणी खेळणे आधी जन्मले आणि चित्र त्याच्यावरून मागाहून काढले गेले. तेव्हा नक्कल कोणाची आणि अस्सल कोणते, याचा निवाडा करायचा तर दफ्तर उलट्या बाजूने उघडून वाचले पाहिजे.

ही खेळणी मुळात जपानची. तोक्योच्या ताकारा या कंपनीने 1980 साली ‘डायाक्लोन’ नावाची एक मालिका बाजारात आणली होती, आणि 1982 पासून तीत खऱ्याखुऱ्या मोटारींची रूपे घेणारे यंत्रमानव दाखल झाले. या मालिकेची मूळ कल्पना ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. डायाक्लोनमधला यंत्रमानव स्वयंभू नव्हता, जिवंत नव्हता, त्याला नाव, स्वभाव वा वाचा नव्हती. तो एक अवजड यंत्र होता, आणि बोटाच्या पेराएवढी, पायांत लोहचुंबक बसवलेली चिमुकली माणसे त्याच्या पोटात बसून त्याला चालवीत असत. म्हणून त्या प्रत्येक यंत्रात खुर्ची होती, झाकण होते, चालकाला बसण्यासाठी राखून ठेवलेली जागा होती. ताकाराचीच दुसरी मालिका ‘मायक्रोमॅन’. तिच्यात 1983 साली ‘मायक्रो चेंज’ ही शाखा निघाली. घराच्या कोनाकोपऱ्यांत लपून वावरणाऱ्या सूक्ष्म मानवांची ती कथा असल्यामुळे तिच्यातले यंत्रमानव घरगुती वस्तूंची, आणि तीही खऱ्या आकाराची, रूपे घेत: कॅसेट, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल. एका मालिकेत अगडबंब मालमोटार तळहातावर मावेल इतकी लहान केलेली आणि दुसऱ्या मालिकेत कॅसेट प्रत्यक्ष कॅसेटएवढी, अशी ही दोन निरनिराळ्या प्रमाणांची घराणी होती, आणि त्यांची सोयरीक व्हावी असे त्यांच्या जन्मदात्यांच्या मनात कधी आलेही नसेल.

ती सोयरीक अमेरिकेने जुळवली. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट येथील हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने ताकाराशी करारमदार करून दोन्ही घराण्यांतले निवडक साचे एकाच नावाखाली आणले, आणि 1984 साली ट्रान्सफॉर्मर्सचा जन्म झाला. या व्यवहारात मध्यस्थी करणारे हेन्री ओरेनस्टाइन हे पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटून अमेरिकेत आलेले गृहस्थ होते. त्यांचे चरित्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हॅस्ब्रोपाशी आता साचे होते, पण कथा नव्हती, आणि कथेवाचून खपाची हमी नव्हती. तेव्हा मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे काम सोपवण्यात आले. संपादक जिम शूटर यांनी कथेचा मूळ मसुदा लिहिला, ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ’नील यांनी सुचवले, आणि बाकीच्या बहुतेक पात्रांची नावे व स्वभाववर्णने बॉब बुडियान्स्की यांनी तयार केली. याच सुमारास अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध सैल केल्यामुळे खेळण्यावर बेतलेली आख्खी मालिकाच पडद्यावर आणण्याचा मार्ग निर्वेध झाला होता. ही मोकळीक 1990 च्या कायद्याने पुढे काहीशी आवरण्यात आली. सप्टेंबर 1984 मध्ये कार्टून मालिका सुरू झाली आणि तिच्यात हे सगळे यंत्रमानव सायबरट्रॉन ग्रहावरून आलेले सजीव, विचारी, सुखदुःख जाणणारे प्राणी म्हणून अवतरले.

आता अडचण पाहावी. ज्या साच्यात चालकाची खुर्ची होती त्याला चालकच उरला नाही. चिमुकली माणसे अमेरिकी खोक्यांतून वगळली गेली, पण साचे तेच राहिले. आणि या परिस्थितीचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे आयर्नहाइड. निस्सानच्या चेरी व्हॅनेट या प्रवासी गाडीवरून बनवलेले हे लाल खेळणे रूपांतरित करताना गाडीचे दोन भाग होतात. पुढचा भाग उभा राहून यंत्रमानवाचे धड आणि पाय बनतो. मागचा भाग उलगडून शस्त्रसज्ज असे निराळेच युद्धवाहन तयार होते. आणि धडाच्या वर, जेथे मस्तक हवे तेथे, गाडीची पुढची काच आहे. काचेआड खुर्ची आहे, आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चेहऱ्याचे एक चिकटचित्र लावायचे, म्हणजे तेच आयर्नहाइडचे मुख समजायचे! डायाक्लोनच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. यंत्राला डोके नसते, त्याचे डोके म्हणजे आत बसलेला चालक. परंतु कथेत आयर्नहाइड हा जुना जाणता, तापट, नेत्यासाठी प्राण पणाला लावणारा शिपाई. त्याला मान हवी, कपाळ हवे, संतापाने आवळता येतील असे ओठ हवेत. चित्रकारांनी त्याला मस्तक दिले, हात दिले, आणि युद्धवाहन बहुधा कथेबाहेरच ठेवले. त्याच साच्यातून निघालेल्या रॅचेट या रुग्णवाहिकेच्या रूपातील वैद्याचीही तीच गत. मुलाने खोके उघडले तेव्हा त्याला फसवल्यासारखे वाटले असेल, यात नवल नाही. पण फसवले असेल तर ते साच्याने नव्हे, साच्यावर कथेचे जे ओझे लादले गेले त्याने.

साच्यांवरून पात्रांचे पहिले आराखडे जपानी चित्रकार शोहेई कोहारा यांनी काढले, आणि त्यांना पडद्यावर वावरण्याजोगे सुटसुटीत रूप फिलिपाइन्सचे चित्रकार फ्लोरो डेरी यांनी दिले. डेरींच्या कामाचे मोल आपल्याकडे, किंबहुना त्यांच्या चाहत्यांतही, पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळी प्रत्येक हालचालीसाठी पारदर्शक पत्र्यांवर हाताने रेघा ओढून रंग भरावे लागत, आणि खेळण्यावरचा एकेक खिळा, एकेक जाळी, एकेक चिकटचित्र जर पत्र्यागणिक काढत बसले असते तर मालिका कधी पुरी झालीच नसती. तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे, हा विवेक हेच चित्रकाराचे खरे काम होते. डेरींनी तपशील गाळले पण ओळख राखली: ऑप्टिमसच्या छातीवरच्या दोन खिडक्या राहिल्या, पोटावरची जाळी राहिली, तोंडावरचा मुखपट्टा राहिला; एवढ्या खुणांवर तीन वर्षांचे मूलदेखील त्याला दुरून ओळखते. उलट बम्बलबीच्या खेळण्याचे मुख मुखवट्यासारखे निर्विकार होते, ते त्यांनी मोडून काढले आणि त्याला शिंगांची टोपी व हसरा, भाबडा, पोरसवदा चेहरा बहाल केला. मालिकेत मुलांचा जवळचा मित्र म्हणून जे पात्र गाजले, त्याचे मित्रत्व साच्यात नव्हते. ते रेघेतून आले.

दोन घराण्यांच्या प्रमाणांचा गोंधळ मात्र कोणत्याही रेघेने मिटणारा नव्हता. मेगाट्रॉन हा मायक्रो चेंजमधून आलेला, वॉल्थर पी-38 पिस्तुलाचे रूप घेणारा. खेळण्यात तो ऑप्टिमसच्या मालमोटारीशेजारी ठेवला तर पिस्तूल जवळजवळ गाडीच्या तोलाचे दिसते. पडद्यावर तोच मेगाट्रॉन दुमजली इमारतीएवढा उभा असतो आणि पाहता पाहता साथीदाराच्या मुठीत मावेल इतका आक्रसतो. कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचे रूप घेणाऱ्या साउंडवेव्हचेही तसेच. ऑप्टिमसच्या मालमोटारीचा मागचा डबा तर रूपांतराच्या क्षणी सरकत चौकटीबाहेर जातो तो अदृश्यच होतो. खेळण्यात मात्र हाच डबा उघडून सुसज्ज तळ होतो. त्यात यांत्रिक हात असलेला एक दुरुस्ती-मनोरा आहे, त्याला उघडणारे झाकण आहे, आणि झाकणाआड चालकाची ती जुनी खुर्ची आहे. चित्राने ज्याला हवेत विरवले ते खेळण्यात सर्वांत श्रीमंत अंग आहे, आणि ज्याने तो डबा स्वतः उघडझाक करून पाहिला आहे त्याला मूळ कारागिराच्या बुद्धीची थोरवी वेगळी सांगावी लागणार नाही.

जेटफायरची कैफियत तर निव्वळ मालकीहक्काची आहे. ते विमान ताकाराचे नव्हतेच. ते ताकातोकू कंपनीने 1982 च्या ‘मॅक्रॉस’ मालिकेतील, शोजी कावामोरी यांनी रेखाटलेल्या वाल्किरी विमानावरून बनवले होते, आणि ताकातोकू बुडाल्यावर त्याचे हक्क ताकाराची प्रतिस्पर्धी असलेल्या बान्दाइकडे गेले. परिणामी कार्टूनमध्ये त्याचे नाव बदलून स्कायफायर ठेवले गेले आणि रूप इतके निराळे रेखाटले गेले की दोहोंत लाल-पांढऱ्या रंगापलीकडे नाते राहिले नाही.

1986 साली मात्र प्रवाह उलटला. त्या ऑगस्टमध्ये जो चित्रपट निघाला त्यातील नवी पात्रे, हॉट रॉड, कप, गॅल्व्हाट्रॉन ही, आधी डेरींच्या कागदावर उतरली आणि मग त्यांवरून साचे घडवले गेले. आता तरी साम्य साधेल अशी अपेक्षा कोणी केली तर ती वाजवीच म्हणावी लागेल. पण पडद्यावर जांभळा असलेला गॅल्व्हाट्रॉन दुकानात करड्या रंगात आला, आणि आर्सी या स्त्रीपात्राचे खेळणे त्या काळी निघालेच नाही. त्याच चित्रपटातील अल्ट्रा मॅग्नस पुन्हा जुन्या डायाक्लोनच्या साच्याचा. त्याच्या चिलखताआड ऑप्टिमसच्याच घडणीचा एक पांढरा यंत्रमानव आहे, ज्याचे चित्रपटात नावनिशाणही नाही. खेळण्याला आणि चित्राला एकमेकांपासून दूर नेणाऱ्या कारणांत हयगयीचा वाटा थोडा, आणि साच्यांची काटकसर, हक्कांचे करारनामे व कारखान्याच्या तारखा यांचा वाटा मोठा, हेच यावरून दिसते.

त्या पिढीची मुले मोठी झाली, मिळवती झाली, आणि लहानपणी जे हाती आले नाही त्याची मागणी करू लागली. ताकाराने 2003 साली ‘मास्टरपीस’ या मालिकेत जो ऑप्टिमस काढला, जपानात ज्याला कॉन्व्हॉय म्हणतात, तो धातूचा भरपूर वापर केलेला, वजनदार, आणि खऱ्या मालमोटारीच्या वास्तवतेकडे झुकलेला होता. 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीने आकार आटोपशीर करून सर्व पात्रांना एक सामाईक प्रमाण घालून दिले. 2016 मध्ये मस्तक असलेला आयर्नहाइड आला. आणि 2019 ची तिसरी आवृत्ती तर चित्राच्या इतकी जवळ गेली की ती पडद्यावरून उचलून आणल्यासारखी वाटते. त्याच वर्षी हॅस्ब्रोच्या ‘सीज’ मालिकेतील जेटफायरला बदलता येणारा चेहरा आणि काढता येणारे लाल चिलखत देऊन, खेळण्यातला आणि चित्रातला असे दोन्ही अवतार एका देहात नांदवण्यात आले. ही तोड मला फार मनोज्ञ वाटते.

तिसऱ्या आवृत्तीच्या कॉन्व्हॉयमागील यंत्ररचना अचंबित करणारी आहे, हे कोणीही नाकारणार नाही. पण या संपूर्ण चळवळीविषयी मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. राजा रविवर्मा यांच्या 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या आणि लक्ष्मी म्हटले की तीच मुद्रा डोळ्यांपुढे येऊ लागली. तसेच येथे घडले आहे. चित्र हेच प्रमाण मानले गेले, आणि ज्यावरून चित्र काढले ते मूळ शिल्प अशुद्ध ठरले. जुन्या ऑप्टिमसच्या छातीवरची काच हीच मालमोटारीची काच होती. ती गाडी उभी राहून माणूस झाली, हे डोळ्यांना दिसत होते, आणि रूपांतराचा सगळा आनंद त्या दिसण्यात होता. चित्राशी तंतोतंत जुळण्याच्या हट्टापायी अलीकडच्या काही खेळण्यांत गाडीची खरी काच पाठीमागे दडपून छातीवर दुसरी, केवळ दिखाऊ काच बसवतात. साम्य साधते, पण गाडीचा माणूस होतो हे सत्य सुटते. आणि माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

म्हणूनच ताकारा टोमीने 2024 साली ‘मिसिंग लिंक’ या नावाने जे केले त्याचे मी मनापासून स्वागत करतो. त्यांनी 1984 चा ऑप्टिमस त्याच घडणीत, त्याच ठेवणीत पुन्हा घडवला, केवळ हातापायांत हालते सांधे वाढवले. आणि मग तोच नमुना चित्रमालिकेच्या रंगांतही स्वतंत्रपणे काढला. खेळणे खेळणे म्हणून आणि चित्र चित्र म्हणून, असा दोघांचाही मान त्यात राखला गेला आहे.

आपल्याकडेही असे संग्राहक आता थोडेथोडके नाहीत, आणि त्यांच्यापाशी एक विनंती आहे. जुना आयर्नहाइड कोणाच्या हाती आला तर बाजारात विकत मिळणारे सुटे मस्तक त्याच्यावर बसवण्याची घाई करू नये; मागच्या भागाचे युद्धवाहन त्याच्यासोबत आहे की नाही हे आधी पाहावे, ते अडगळ म्हणून टाकू नये, आणि खुर्चीवरचे ते फिकट झालेले चिकटचित्र खरवडून काढू नये.