मंद भूकंप (किलाउएआ)

मंद भूकंप म्हणजे विभंगाच्या दोन बाजूंचे खडक एका झटक्यात न सरकता कित्येक तास वा दिवस हळूहळू सरकण्याची घटना होय. तिचे हादरे माणसाला जाणवत नाहीत, म्हणून तिला मूक भूकंप असेही म्हणतात. ज्वालामुखीवरील अशा घटनांचा सखोल अभ्यास हवाई बेटावरील किलाउएआच्या दक्षिण उतारावर झाला आहे.

हा उतार वर्षाला सहा-सात सेंटिमीटर समुद्राकडे सरकत असतो. उत्तरेस मौना लोआचा प्रचंड आधार आहे. त्यामुळे भेगांमध्ये शिरणारा शिलारस दक्षिणेकडेच रेटा देतो आणि त्यात लाव्ह्याच्या थरांच्या वजनाची भर पडते. हा सारा ढीग जुन्या सागरतळावर टेकलेला असून त्या दोहोंमध्ये सात-आठ किलोमीटर खोलीवर जवळजवळ आडवा विभंग आहे. सरकणे मुख्यतः याच विभंगावर घडते.

नोव्हेंबर २००० मध्ये जीपीएस केंद्रांनी येथे सुमारे ३६ तास चाललेली हालचाल नोंदवली. तिच्यातून मुक्त झालेली ऊर्जा झटक्याने बाहेर पडती, तर ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला असता. नऊ दिवस आधी या भागात जवळपास एक मीटर पाऊस पडला होता. साहजिकच पावसाला कारण मानले गेले. परंतु पुढे अशा घटना दोन-तीन वर्षांच्या अंतराने घडत राहिल्या आणि प्रत्येक वेळी अतिवृष्टी झालेली नव्हती.

मंद भूकंप ताण कमी करतो, ही समजूत अर्धवट खरी आहे. सरकलेल्या भागावरील ताण उतरतो, पण शेजारच्या अडकलेल्या भागावर तो वाढतो. २००५ च्या घटनेत लहान भूकंपांची मालिका त्यामुळेच उद्भवली. हाच उतार एकदम सरकला तर काय होते, हे २९ नोव्हेंबर १९७५ रोजी दिसले. ७.७ तीव्रतेच्या त्या भूकंपात किनारा काही ठिकाणी सुमारे साडेतीन मीटर खचला आणि त्सुनामीत हालापे येथे तळ ठोकून असलेल्या दोघांचा बळी गेला. ४ मे २०१८ रोजी ६.९ तीव्रतेचा भूकंपही याच उताराखाली झाला.

इटलीतील एटनाचा पूर्व उतारही समुद्राकडे सरकतो. मे २०१७ मध्ये त्याचा पाण्याखालील भाग आठ दिवसांत चार सेंटिमीटर सरकल्याचे सागरतळावर ठेवलेल्या उपकरणांनी दाखवले. जीपीएसचे संकेत पाण्याखाली पोहोचत नसल्याने तेथे ध्वनिलहरींनी अंतर मोजावे लागते.