साठीनंतरची धाव आणि वेळेची नोंद

वयाची साठी ओलांडलेल्या, कोणत्याही स्पर्धेत नाव न नोंदवणाऱ्या आणि कोणत्याही गटात सामील न होता एकट्याने धावणाऱ्या माणसाने आपल्या धावेला लागलेला वेळ मोजावा की मोजू नये, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु या वयात अनेकांचे धावणे टिकते किंवा सुटते ते या प्रश्नाच्या उत्तरावरच. काहींच्या मते घड्याळ हे तरुणांचे आणि स्पर्धकांचे साधन असून उतारवयात त्याचा काही उपयोग नाही. काहींना मात्र मनगटावरचे घड्याळ दाखवील तेवढेच आपले धावणे असे वाटते आणि आकडा वाढला की त्यांचे चित्त उदास होते. या दोन्ही समजुतींत एकच दोष आहे: तिशीत त्या आकड्याचा जो अर्थ होता तोच साठीनंतरही राहतो, असे दोन्ही बाजू गृहीत धरतात. तो अर्थ बदलतो, आणि बदलल्यानंतर तो आकडा अधिक उपयोगाचा होतो.

नागपूरच्या महालासारख्या जुन्या वस्तीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. भोसल्यांच्या वाड्याभोवती वसलेल्या या भागात व्यायामाची परंपरा आखाड्याची आणि व्यायामशाळेची आहे, आणि तिथे व्यायाम मोजला जातो तो संख्येने. जोर किती, बैठका किती, सूर्यनमस्कार किती, हे विचारले जाते. ते किती मिनिटांत काढले, हे कोणी विचारत नाही. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भात व्यायामाला संस्थेचे रूप दिले, त्याच्याही मुळाशी हीच देशी पद्धत होती. सेकंदांशी बांधलेले धावणे आपल्याकडे आले ते शाळा, पोलीस आणि लष्कराच्या मैदानांवरून. मराठी मुलखाच्या सीमेवरील बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन, म्हणजे आज ४२.१९५ किलोमीटरची पण तेव्हा ४२.७५ किलोमीटरची असलेली शर्यत, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले, तेव्हापासून वेळ नोंदवण्याची ही रीतही आपलीच झाली. आज महालात पहाटे बूट बांधून निघणाऱ्या ज्येष्ठाच्या मनात या दोन्ही रीती नांदत असतात: रोजचा नेम पाळल्याचे समाधान एका बाजूला आणि वेग टिकल्याचे समाधान दुसऱ्या बाजूला.

वेग का घटतो, हे समजून घेतल्याशिवाय त्या आकड्याकडे शांतपणे पाहता येत नाही. धावण्याची क्षमता मुख्यतः शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते यावर अवलंबून असते. या मापाला कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात. व्यायाम न करणाऱ्यांत ती तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते, आणि जे नियमाने व जोमाने व्यायाम चालू ठेवतात त्यांच्यात हा उतार बराच सौम्य असतो, पण थांबत नाही. याचे एक कारण हृदयाच्या ठोक्यांत आहे. हृदय दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकते, ही मर्यादा वयाबरोबर खाली येते. ‘२२० वजा वय’ हे तिचे लोकप्रिय गणित. त्याऐवजी २००१ साली हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘२०८ वजा वयाच्या सात दशांश’ असे सूत्र सुचवले, ज्यानुसार साठाव्या वर्षी ही मर्यादा १६० ऐवजी १६६ येते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत आणि एकेका माणसाचा आकडा त्यापासून दहाबारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो. त्याशिवाय स्नायूंतील जलद आकुंचन पावणारे तंतू कमी होतात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची लवचीकता घटते, ढांग आखूड होते आणि एका दमदार धावेनंतर शरीर पूर्ववत व्हायला पूर्वीपेक्षा अधिक दिवस लागतात. या सगळ्यांचा मिळून परिणाम असा, की पस्तिशीनंतर सत्तरीपर्यंत लांब पल्ल्याच्या धावेचा वेळ ढोबळमानाने दरवर्षी एक टक्क्याच्या आसपास वाढत जातो आणि सत्तरीनंतर तो अधिक झपाट्याने वाढतो. साठाव्या वर्षी पाच किलोमीटर तीस मिनिटांत धावणाऱ्याला सत्तराव्या वर्षी तेहतीस मिनिटे लागली, तर त्याचे काहीही बिघडलेले नाही.

म्हणूनच धावपटूंच्या बोलीत ज्याला ‘पीबी’ म्हणतात, ती स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ, उतारवयात निकष म्हणून निरुपयोगी ठरते. उशिरा, म्हणजे पन्नाशीपंचावन्नाव्या वर्षी, धावू लागलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सरावामुळे होणारी सुधारणा वयामुळे होणाऱ्या घटीपेक्षा मोठी असल्याने पहिली काही वर्षे त्यांचा वेळ कमी होत जातो. पण पुढे कधीतरी हा आलेख वळतो, आणि नेमक्या त्या वळणावर पुष्कळ जण धावणे सोडतात. हे फार वाईट आहे, कारण त्यांचे शरीर त्या दिवशीही आदल्या वर्षीइतकेच धावण्याचे लाभ घेत असते.

महालात धावणाऱ्याला आपला आकडा वाचताना जागेचाही विचार करावा लागतो. गांधीगेटपासून बडकस चौकापर्यंतचे रस्ते आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या दाटीच्या आहेत, वाहने आणि भटकी कुत्री यांमुळे लय पुन्हापुन्हा तुटते, आणि म्हणून धावणारे चिटणीस पार्क, रेशीमबागेचे मैदान किंवा शुक्रवारी तलाव म्हणजेच गांधीसागराचा परिसर यांच्याकडे वळतात. मनगटावरचे घड्याळ उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून अंतर ठरवते; अरुंद गल्लीत हे संदेश दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून, थोड्या उशिराने पोहोचतात आणि घड्याळाला धावणारा आहे त्यापेक्षा काही मीटर बाजूला असल्याचे भासते. अशा चुका साठत गेल्या की किलोमीटरमागे काही सेकंदांचा फरक नुसता मोजणीतून निर्माण होतो. हवामानाचा परिणाम तर याहून मोठा. मे महिन्यात नागपूरचा पारा कधी ४७ अंशांच्या वर गेलेला आहे आणि त्या दिवसांत पहाटेही हवा तीस अंशांच्या आसपास रेंगाळते, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बारा अंशांच्या खाली उतरते. लांब पल्ल्याच्या धावेला अनुकूल तापमान दहाबारा अंशांच्या सुमाराचे असते; उष्म्यात शरीर गार ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, पायांच्या स्नायूंना कमी मिळतो, आणि त्याच वेगाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. वय वाढते तशी घाम येण्याची आणि तहान जाणवण्याची क्रियाही मंदावते. तेव्हा मे महिन्यातल्या वेळेची जानेवारीतल्या वेळेशी तुलना करून स्वतःला दोष देणे हे सरळसरळ चुकीचे गणित आहे.

वेळ महत्त्वाची की नाही याचे उत्तर माणसागणिक कसे बदलते, हे सप्टेंबर २००३ मधील टोरांटोच्या मॅरेथॉनने एकाच शर्यतीत दाखवून दिले. त्या शर्यतीत बहात्तर वर्षांचे एड व्हिटलॉक २ तास ५९ मिनिटे १० सेकंदांत धावले आणि सत्तरीनंतर तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले मनुष्य ठरले. त्याच शर्यतीत नव्वदी ओलांडलेले फौजा सिंग ५ तास ४० मिनिटांत पोहोचले. व्हिटलॉक हे एकट्याने धावणाऱ्यांचे ठळक उदाहरण होत. कॅनडातील मिल्टन गावी घराजवळच्या दफनभूमीत, फेऱ्या मोजण्याच्या भानगडीत न पडता, ते दोन-दोन, तीन-तीन तास संथपणे धावत असत, आणि या सरावात आपल्याला विशेष आनंद मिळत नाही असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांचा ओढा शर्यतीतल्या वेळेकडे होता. पुढच्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ दिली, आणि २०१६ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंद. फौजा सिंग यांचा मार्ग निराळा होता. आप्तांच्या मृत्यूने खचलेल्या अवस्थेत त्यांनी उतारवयात धावणे धरले, आणि २०११ साली शंभराव्या वर्षी त्याच टोरांटोत मॅरेथॉन पूर्ण करायला त्यांना आठ तासांहून अधिक वेळ लागला. आठ वर्षांत वाढलेल्या त्या अडीच तासांनी त्यांच्या धावण्याचे मोल कमी झाले, असे कोणी म्हणणार नाही. लक्षात घेण्यासारखे आहे ते हे, की वेळेसाठी झटणारे व्हिटलॉकसुद्धा रोजच्या धावेत वेगाच्या मागे लागत नव्हते.

महाराष्ट्रात उतारवयातील धावेचे नाव निघाले की लता भगवान करे यांची आठवण होते. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील या बाईंनी साठी उलटल्यावर, पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून, बारामतीच्या स्पर्धेत ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत लुगडे नेसून अनवाणी पायांनी जिंकली. त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच प्रमुख भूमिका केली. त्या धावेची वेळ आज कोणाच्या स्मरणात नाही. त्यांना हवा होता तो क्रमांक, कारण बक्षीस क्रमांकाला होते. हौसेने धावणाऱ्याची स्थिती याच्या उलट असते. त्याला क्रमांक नसतो, बक्षीस नसते, शेजारी धावणारा नसतो, आणि म्हणूनच वेळेखेरीज त्याच्या धावेचा दुसरा साक्षीदार उरत नाही. एकट्याने धावणारी माणसे घड्याळाला का चिकटतात, याचे हे कारण आदराने समजून घेतले पाहिजे.

ज्यांना आकड्याची ओढ सोडवत नाही त्यांच्यासाठी एक न्याय्य तोड उपलब्ध आहे. प्रौढांच्या मैदानी खेळांची जागतिक संघटना प्रत्येक वयासाठी आणि प्रत्येक अंतरासाठी एक प्रमाणवेळ ठरवते, जी त्या वयाच्या जागतिक विक्रमाच्या जवळपास असते. या प्रमाणवेळेला आपल्या वेळेने भागले की जी टक्केवारी मिळते तिला वयसापेक्ष श्रेणी म्हणता येईल. साठ टक्के म्हणजे स्थानिक पातळीवरची चांगली धाव आणि नव्वद टक्के म्हणजे जागतिक दर्जाची. या हिशेबाने व्हिटलॉक यांची त्र्याहत्तराव्या वर्षीची वेळ तरुण धावपटूच्या २ तास ४ ते ५ मिनिटांच्या तोडीची ठरते, आणि त्या काळचा जागतिक विक्रम, पॉल टेरगट यांचा, २ तास ४ मिनिटे ५५ सेकंदांचा होता. हौशी धावणाऱ्याची मिनिटे वाढत असतानाही त्याची टक्केवारी स्थिर राहू शकते, किंबहुना वाढूही शकते.

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर वेगाचे महत्त्व आश्चर्य वाटावे इतके कमी आहे. अमेरिकेतील ५५,१३७ प्रौढांवरील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की दिवसाला पाच-दहा मिनिटे आणि तासाला सहा मैलांहून कमी वेगाने, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटांहून अधिक वेळ घेऊन, धावणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेम्स फ्राइज यांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावणाऱ्यांचा आणि न धावणाऱ्यांचा मागोवा घेतला. एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के आणि न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावलेले होते, आणि दैनंदिन कामांत परावलंबित्व येण्याची वेळ धावणाऱ्यांवर कितीतरी वर्षे उशिरा आली. मुळात निरोगी माणसेच धावायला जातात, ही शंका अशा अभ्यासांबाबत रास्त आहे आणि ती पूर्णपणे फिटत नाही. तरीही इतकी मोठी तफावत तेवढ्यावरून उलगडत नाही.

मग वेळ मोजण्याचे प्रयोजन कोणते उरते? याचे उत्तर चालण्यावरील संशोधनात सापडते. पासष्टीवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, माणसाच्या नेहमीच्या चालण्याच्या गतीवरून त्याच्या पुढील आयुष्याचा अंदाज बराच नेमका बांधता येतो, असे दिसून आले. चालायला हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे आणि मज्जासंस्था ही सारी एकत्र लागतात, त्यामुळे यांपैकी काहीही बिघडले तरी ते गतीत उमटते. धावण्याची गती ही तशीच खूण आहे, आणि अधिक संवेदनशील. वयामुळे होणारी घट वर्षाला काही सेकंदांची असते. तोच मार्ग, तीच हवा, तेवढीच झोप असताना चार-सहा आठवड्यांत किलोमीटरमागे अर्धा मिनिट वाढला, तर ते वय नव्हे. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, नव्याने सुरू झालेली औषधे किंवा हृदयाचा विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. वेळ लिहून न ठेवणाऱ्याला हा फरक जाणवतो तो ‘हल्ली दम लागतो’ एवढ्या मोघम शब्दांत, आणि तो वयाच्या नावावर खपून जातो.

हाच आकडा ध्येय बनला की मात्र तो घातक ठरतो. धावण्याविषयीच्या गाजलेल्या पुस्तकाचे अमेरिकी लेखक जिम फिक्स १९८४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रस्त्यावर एकटे धावायला गेले असताना हृदयविकाराने मरण पावले. त्यांच्या हृदयाच्या धमन्या मोठ्या प्रमाणात अरुंद झालेल्या आढळल्या, आणि त्यांचे वडीलही हृदयविकारानेच अकाली गेले होते. धावण्याने त्यांचा जीव घेतला असे म्हणणे बरोबर नाही. परंतु चांगल्या वेळेत धावता येते म्हणजे हृदय निरोगीच असणार, हा विश्वास किती फसवा आहे, ते यावरून कळते. छातीत जडपणा वाटत असताना ठरलेली वेळ गाठण्यासाठी पुढे धावत राहणे, याइतकी मोठी चूक ज्येष्ठ धावणाऱ्याच्या हातून होऊ शकत नाही. रोजच्या धावेत गती ठरवायला घड्याळापेक्षा श्वास अधिक विश्वासू आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची स्वतःला होणारी जाणीव मोजण्यासाठी सहा ते वीस अशी श्रेणी बनवली आहे. सामान्य माणसाला एवढे पुरे, की धावताना एखादे वाक्य न धापता बोलता आले तर गती योग्य आहे.

म्हणून महालातील, किंवा कोणत्याही गावातील, एकट्याने धावणाऱ्या ज्येष्ठाने वेळ जरूर मोजावी, पण रोज नव्हे. महिन्यातून एकदा, एकाच मोजलेल्या मार्गावर, शक्यतो एकाच प्रहरी धावून तारीख, तापमान, लागलेला वेळ आणि थांबल्यावर लगेचची व दोन मिनिटांनंतरची नाडी, एवढे वहीत लिहावे. तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. कारण न सापडणारी घट दोन महिने लागोपाठ दिसली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि रोज घराबाहेर पडताना कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे, कारण ठरलेल्या वेळी माणूस परतला नाही तर त्याला शोधायला कुठे जायचे, हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे.