बालवर्गाचे वर्ष : मार्चमधली उजळणी

वाळू-पाण्याच्या कोपऱ्यावरचा लेख या आठवड्यात राहिला. भातुकलीवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे: जूनपासून खेळ झाला, ठीक, पण आता मार्च उजाडला, मोठ्या गटातली मुले येत्या जूनमध्ये पहिलीत बसणार. मग निदान हे शेवटचे सहा-सात आठवडे तरी चिंचोके डब्यात भरून दुरेघी वह्या काढायच्या की नाहीत? विचारणाऱ्यांत पालक आहेत, तशा बालवाडीच्या ताईही आहेत, आणि ताईंचा सूर पालकांपेक्षा काकुळतीचा आहे. ते साहजिक आहे. मुलाला काय येते आणि काय येत नाही याचा जाब एप्रिलमध्ये त्यांनाच विचारला जातो. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण नुसते ‘नाही’ सांगून भागणार नाही, कारण समोरच्या बाजूला म्हणण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले काही खरेही आहे.

आधी मार्चमध्ये प्रत्यक्ष काय होते ते पाहू. ऊन वाढते, शाळा सकाळची होते, तास आखूड होतात. त्यातच होळी, पाडवा, वर्गाचा फोटो आणि निरोपाच्या कार्यक्रमाची तालीम येते. (चाळीस अंशांच्या उन्हात पाच वर्षांच्या पोरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून ‘पदवी’ देण्याची टूम कोणी काढली कोण जाणे, ज्यांना अजून दात पडायचे आहेत त्यांनी पदवीधर व्हावे, ही कल्पनाच मला सोसत नाही.) उरलेल्या वेळात एक ते शंभर, मुळाक्षरे आणि जमल्यास बाराखडी बसवायची असते. वेळ कमी आणि काम जास्त झाले की काहीतरी गळते. काय गळते याचा क्रम जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. मातकामाने पसारा होतो, म्हणून ते आधी जाते. मग मुक्त खेळ जातो, कारण त्यात मुले ‘काही करत नसतात’. शेवटी गोष्टही जाते. म्हणजे ज्या कामांत मुले वर्षभरात तरबेज झाली, तीच कामे ऐन तरबेजपणाच्या वेळी त्यांच्या हातून काढून घेतली जातात. माझा आक्षेप अक्षरांवर नसून या काढून घेण्यावर आहे.

या घाईतली विसंगती पाहा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ नावाचा कार्यक्रम आणला. पहिलीत आलेल्या मुलांसाठी पहिले तीन महिने खेळांवर आधारलेली तयारी, असे त्याचे स्वरूप आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाचा सलग पाच वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला, आणि २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही त्याच रेषेवर आहे. म्हणजे कागदावर तरी पहिलीची सुरुवात खेळाने व्हायची आहे. मग पहिली खेळाने सुरू होणार असताना बालवर्ग वहीने का संपावा? मार्चमध्ये घोटायचे आणि जूनमध्ये खेळायचे हा क्रम उलटा आहे. कोणी म्हणेल, ‘विद्या प्रवेश’ किती पहिल्यांमध्ये खरोखर चालतो? ही शंका रास्त आहे. पण पहिलीच्या वर्गात धोरण नीट पोहोचले नसेल तर ते तिथे पोहोचवावे लागेल. त्याची भरपाई बालवर्गातल्या मुलांनी वर्षभर आधीच का करावी?

आता ‘एक ते शंभर’कडे येऊ, कारण बहुतेक पत्रांचा जीव त्यातच अडकलेला आहे. मराठीत शंभरपर्यंत म्हणणे ही पाठांतराची जड कामगिरी आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव, त्यात एकक आधी आणि दशक मागून, आणि एकोणतीस-एकोणचाळीस पुढच्या दशकाच्या नावाने हाक मारणारे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन जोडीला दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात कोणाचीही बाजू घ्या, पण संख्यानामांची ही अडचण मान्य करून सात वर्षांच्या मुलासाठी वाट सोपी करण्याचा तो प्रयत्न होता, हे विसरता येत नाही. तीच वाट आपण पाच वर्षांच्या मुलाला मार्च महिन्यात, धापा टाकत चालायला लावतो. आणि चालून पोचतो कुठे? शंभरपर्यंत घडाघड म्हणणारे मूल बारा चिंचोके मोजताना एखाद्यावर दोनदा बोट ठेवते किंवा एखादा गाळून जाते. बारा मोजून झाल्यावर ‘किती झाले?’ विचारले तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. एका वस्तूला एकच अंक आणि शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची संख्या, या दोन गोष्टी जिभेला माहीत नसतात. त्या हाताने शिकाव्या लागतात. त्यापुढची पायरी पियाजेने दाखवलेली आहे: सारख्या संख्येच्या दोन रांगांपैकी एक पसरून लांब केली की या वयाची पुष्कळ मुले ‘हिच्यात जास्त’ म्हणतात. पाठ केलेला अंक आणि डोळ्यांना दिसणारी लांबी यांत त्या क्षणी डोळाच जिंकतो.

म्हणून मार्चमध्ये चिंचोके डब्यात जाऊ नयेत. त्यांचे काम आता कुठे सुरू होते. जुलैमध्ये मुले चिंचोक्यांचे ढीग करत होती, नोव्हेंबरात मोजत होती. आता तेच चिंचोके अधिक अवघड खेळ मागतात. ताई पाच चिंचोके दाखवून वाटीखाली झाकते, बाजूला तीन उघडे ठेवते आणि सगळे मिळून किती ते विचारते. वाटी उचलून पहिल्यापासून मोजणारे मूल एका पायरीवर आहे. वाटीवर हात ठेवून ‘पाच’ म्हणणारे आणि पुढे ‘सहा, सात, आठ’ मोजणारे मूल बेरजेच्या दारात आहे. हा फरक शंभरपर्यंतच्या म्हणण्यात कधीच दिसत नाही, वाटीच्या खेळात मात्र लगेच दिसतो. मूठभर चिंचोके उचलून आधी अंदाज सांगायचा आणि मग मोजायचे. दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या आणि उरलेले सुटे ठेवायचे. पहिलीत दशक शिकवताना ज्या जुडीची चित्रे फळ्यावर काढावी लागतात, ती जुडी या मुलांच्या बोटांत अगोदरच असते. नवे साहित्य नको, नवा धडा नको. ओळखीच्या साहित्याला एक नवा प्रश्न पुरतो, आणि ओळखीचे असल्यामुळेच मुलाचे सगळे लक्ष प्रश्नावर राहते. जुन्या साहित्यावर नवे प्रश्न, हीच माझ्या मते मार्चची खरी उजळणी.

भाषेचेही तसेच. भेंड्या हा आपल्याकडे घरोघरी खेळला जाणारा खेळ. अक्षर वाचायला न येणारे मूलही तो कानाच्या जोरावर खेळू शकते. ‘कमळ’ला ‘ळ’ लागले की पंचाईत होते, मग ताई ‘ल’ चालेल असा तह करते. शब्द कशाने संपला आणि पुढचा कशाने सुरू करायचा हे ऐकून वेगळे काढणे म्हणजेच वाचनाचा पाया, आणि देवनागरीत लिहिण्याचे एककच बव्हंशी अक्षर असल्यामुळे हा खेळ लिपीच्या अगदी जवळ जातो. वर्षभर ऐकलेल्या गोष्टींपैकी एखादी मुलांनी आपल्या शब्दांत सांगावी, ताईने ती त्यांच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि बोट फिरवत वाचून दाखवावी. आपण बोललेले कागदावर राहते आणि दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत निघते, हे ज्याने पाहिले त्याला अक्षरे कशासाठी ते सांगावे लागत नाही. आपले नाव लिहायचे असेल त्याने लिहावे. बहुतेकांना हवेच असते. मी अडवतो ते फक्त वहीतल्या चाळीसाव्या ‘अ’ला.

पण याला पुरावा काय, असे एका पत्रात सरळ विचारले आहे. २०१९ च्या ‘असर’ अहवालाने चार ते आठ वर्षांच्या ३६ हजारांवर मुलांची पाहणी केली. वर्गीकरण, क्रम लावणे, आकृतिबंध ओळखणे, चित्रकोडे जुळवणे अशी अक्षर-अंक नसलेली कामे ज्यांना चांगली जमली, ती मुले वाचनात आणि गणितातही पुढे होती. एक गोष्ट दुसरीमुळेच घडली, असे यातून सिद्ध होत नाही. पण हातातली कामे म्हणजे वेळ घालवणे, हे म्हणणे यापुढे टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकलेल्या आणि सातव्या वर्षाच्या सुमारास शिकलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत दोघांतले अंतर मिटलेले होते. तेही इंग्रजीसारख्या लिहिणे एक, वाचणे दुसरे अशा भाषेत. सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा. गरीब घरांतल्या २,९९० मुलांपैकी काहींना सरकारी बालवर्गात सोडतीने जागा मिळाली, काहींना नाही. बालवर्गाच्या अखेरीस जागा मिळालेली मुले पुढे होती. सहावीपर्यंत चित्र उलटले होते: चाचण्यांत ती मागे होती आणि शिस्तभंगाच्या तक्रारी त्यांच्या नावावर जास्त होत्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांच्या कारणांवर अजून वाद चालू आहे, आणि ‘अक्षरे शिकवली म्हणून असे झाले’ इतके सोपे ते नाही. माझ्या मुद्द्यापुरते एवढेच घ्यावे, की वर्षअखेरच्या चाचणीतला पुढावा पाहून निर्धास्त होता येत नाही. आणि मार्चची सगळी धावपळ नेमकी त्या पुढाव्यासाठी असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्या घरात पुस्तके आहेत, आई-वडील वाचून दाखवतात, त्या घरातल्या मुलाने मार्चमध्ये खेळले काय नि लिहिले काय. ते पुढे जाणारच. पण ज्याच्या घरात एकही छापील कागद नाही, त्याला अक्षरे बालवर्गातच मिळायला हवीत. त्याला खेळायला सांगणे ही सुखवस्तू माणसांची चैन नव्हे काय? या आक्षेपातली कळकळ मला पटते, उपाय पटत नाही. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६७ पासून गरीब घरांतल्या ६८ मुलांना तीन पद्धतींत वाटून घेतले होते. एका गटात थेट पाठ देणे, बाकी दोघांत मुलांनी स्वतः सुरू केलेल्या कामांना वाव. सुरुवातीला तिन्ही गटांची बुद्धिमापनातली वाढ सारखीच होती. तेविसाव्या वर्षी मात्र थेट पाठ घेतलेल्या गटात गंभीर गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका जास्त आढळल्या. मुले थोडी होती आणि अभ्यास करणारी संस्था एका पद्धतीची कर्तीही होती, त्यामुळे मी त्यावर घर बांधणार नाही. पण आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. दादरच्या शिशुविहारात शहरी मुलांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेले. घरात छापील कागद नसलेली हीच ती मुले. त्यांच्यासाठी या दोघींनी खेळ कमी करून पाट्या वाढवल्या नाहीत. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. गरिबाच्या मुलाला वेगळे साहित्य लागले, शिकण्याची वेगळी जात लागली नाही. मात्र आक्षेपाचा एक भाग मान्य करायलाच हवा: अशा मुलाच्या नजरेसमोर छापील मजकूर भरपूर असला पाहिजे. वाचून दाखवणे, पुस्तके हाताळू देणे, त्याचे बोलणे लिहून ठेवणे, हे त्याच्या बालवर्गात इतरांपेक्षा दुपटीने व्हावे. मार्चमध्ये जी गोष्ट सगळ्यात शेवटी गळते म्हणालो, ती या मुलाच्या वाट्याची आधी वाचवावी.

राहिला प्रवेशाचा धाक. ‘शेजारच्या शाळेत पहिलीला घेताना लिहायला लावतात.’ शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावायला मनाई केली आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. त्याआधी १९९३ मध्ये यशपाल समितीनेही बालवर्गाच्या प्रवेशपरीक्षा बंद करा असे सांगितले होते. तरी परीक्षा चालतात, हे खरे. पण बेकायदा मागणी पुरी करण्यासाठी मुलाचे सहा आठवडे द्यायचे की ती मागणी करणाऱ्याला कलम दाखवायचे, हा निवाडा पालकांनी करायचा आहे. तो ताईंवर ढकलू नये.

प्रगतिपत्रकावरच्या ताईंच्या सहीचा प्रश्न उरतोच. शंभरपैकी किती अंक येतात हे पत्रकात लिहायचे नाही, तर मग काय लिहायचे? ‘पाचावरून पुढे मोजतो’, ‘ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगते, शेवट स्वतःचा करते’, ‘मणी ओवताना दोन लाल-एक पिवळा असा क्रम स्वतः ठरवतो’, ‘खेळात हरली तर चिडते, पण डाव सोडत नाही’. अशा चार ओळी चाळीस मुलांच्या लिहायच्या तर मार्चमध्ये ताईला मुलांकडे पाहायला सवड हवी, आणि फळ्याकडे तोंड करून एक ते शंभर म्हणवून घेणाऱ्या ताईला ती मिळत नाही. अशी नोंद ठेवायची कशी, एका दिवसात किती मुलांची, आणि पालकांना ती कशी दाखवायची, हा स्वतंत्र विषय आहे. पुढच्या आठवड्यात तोच घेतो. वाळू-पाण्याच्या कोपऱ्याने आणखी एक आठवडा थांबावे. तो कोपरा तसाही एप्रिलच्या उन्हातच जास्त रंगतो.