टाकी गळी ऱ्हायनी!

कोंडाईबारीचा घाट चढून दहिवेल मागे टाकलं की साक्री येते. सुरत-धुळे-नागपूर हा रस्ता रात्रंदिवस वाहता, त्यामुळे इथल्या गॅरेजला कामाची वाण नाही. एमएच-18 नंबरची, पंधरा वर्षं उलटून पुन्हा पासिंग करून घेतलेली एखादी गाडी दारात येते. मालक उतरतो आणि अहिराणीत सांगतो, "भाऊ, टाकी गळी ऱ्हायनी." मुरलेला मिस्तरी हे ऐकून घेतो, पण लगेच मानत नाही. तो विचारतो, कधी गळते?

निम्मं काम त्या प्रश्नातच आहे. टाकी फुल केली की ओघळ दिसतो आणि काटा थोडा उतरला की सगळं थांबतं, असं असेल तर बहुधा टाकी धडधाकट असते. तिच्या डोक्यावर पंप आणि फ्लोट बसवलेला असतो, त्याखालची रबरी रिंग गेलेली असते. फक्त पेट्रोल भरतानाच खाली सांडत असेल तर भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारी नळी तडकलेली असते, नाहीतर तिची क्लिप सैल असते. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर पंपापासून पुढे जाणारी लाइन बघायची. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तिच्यात साधारण तीन बार दाब असतो, केसाएवढी चीरही फवारा मारते. गाडी बंद आहे, काटा तळाला टेकला आहे आणि तरीही जमिनीवर ठिपका पडतोच आहे, तेव्हा मात्र संशय टाकीवरच. यात उंदरांना विसरून चालत नाही. मक्याच्या पोत्यांशेजारी महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची नळी कुरतडलेली निघाली तर कुणाला नवल वाटत नाही.

रिंगचं काम दिसायला सोपं. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की पत्र्याचं झाकण दिसतं आणि त्याखाली पंप. घाईचा माणूस तिथेच पाना लावतो आणि वर्षानुवर्षांची धूळ टाकीत ढकलतो. आधी ब्रश, मग ओलं फडकं, मग पाना, हा क्रम पाळणारा मिस्तरी ओळखून ठेवावा. काढलेली जुनी रिंग पेट्रोल पिऊन फुगलेली असते, ती खाचेत परत नीट बसत नाही. तिथे नवीच टाकायची. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

आता खरोखर फुटलेल्या टाकीकडे येऊ. मारुती 800 चालवलेल्यांना पत्र्याची टाकी माहीत आहे, ती गंजायची. प्लास्टिकची टाकी गंजत नाही, हलकी असते आणि गाडीखालच्या वाकड्यातिकड्या जागेत मावेल तशी घडवता येते. फोक्सवॅगनने 1973 च्या पसाटपासून ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. वितळलेल्या प्लास्टिकची नळी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये सोडायची, साचा मिटायचा आणि आतून हवा भरायची, की टाकी तयार. साचा मिटतो तिथे कडेने एक शिवण राहते. फाटते ती बऱ्याचदा या शिवणीजवळ, पट्टा घासतो तिथे किंवा खालून दगड लागतो तिथे.

हे प्लास्टिक म्हणजे एचडीपीई. खानदेशात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कारण तुषार सिंचनाचे काळे पाइप त्याचेच आणि ते बनवणारी जैन इरिगेशन जळगावचीच. पीव्हीसीचा पाइप सोल्युशन लावून जोडतात, एचडीपीईला सोल्युशन धरत नाही, त्याची तोंडं तापवून जोडतात, हे पाइपलाइन केलेल्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. तोच शेतकरी गाडीच्या टाकीला मात्र एमसील थापतो! ते दोन दिवस टिकतं आणि तिसऱ्या दिवशी खपली निघावी तसं निघतं. दोष एमसीलचा नाही. या प्लास्टिकच्या गुळगुळीत अंगाला सहसा काहीच चिकटत नाही. कपड्याचा साबण घासणं हा जुना उपाय त्यापेक्षा प्रामाणिक, कारण तो गॅरेज गाठण्यापुरताच आहे हे सगळे मानतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तेवढा वेळ तग धरतो.

टिकणारा उपाय एकच, वेल्डिंग. चिरेची टोकं ड्रिलने थांबवायची, कड खरवडून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करायची आणि हॉट एअर गनने टाकी व रॉड दोन्ही एकाच वेळी वितळवत भराव घालायचा. एचडीपीई 130 अंशांच्या आसपास वितळतं. रॉड त्याच जातीचा हवा. पाइपची काळी पट्टी कापून वापरता येते, पण पाइप आणि टाकीचा ग्रेड एक नसतो, म्हणून आधी कोपऱ्यात चिकटवून, गार झाल्यावर उपटून बघावं.

धोका सर्वांत जास्त रिकाम्या टाकीत. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकामीत हवा आणि वाफ मिसळतात, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते. त्यातून प्लास्टिक स्वतः पेट्रोल मुरवून घेतं. धुऊन वाळवलेली टाकी तापवली की पुन्हा वाफ सोडते. म्हणून जाणते लोक टाकी उतरवून साबणाच्या पाण्याने धुतात, मग दुरुस्तीची जागा वर ठेवून काठोकाठ पाणी भरतात आणि मगच गन हातात घेतात. शेवटी फेस लावून, फुंकरीएवढ्या हवेने गळती तपासायची. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा सोडली तर टाकी फुगून फाटेल.

एवढं करूनही एक उणीव राहते. पुष्कळ टाक्यांच्या भिंतीत, वाफ अडवणारा इव्हिओएचचा पातळ थर मध्ये दाबलेला असतो. वेल्डिंगने तो पुन्हा जुळत नाही. गळती थांबते, वास थोडा राहू शकतो.

म्हणून माझं मत असं: डिझेलची गाडी आणि वरच्या बाजूची लहान चीर असेल तर वेल्डिंग खुशाल करा. पेट्रोलची गाडी आणि तळाला किंवा शिवणीवर फाट असेल तर टाकीच बदला. नवी महाग वाटली तर भंगारातली धड टाकी शोधा, पण आतून हात फिरवून आणि शिवण उजेडात धरून घ्या. टाकी उतरलीच आहे तर सगळ्या जुन्या रबरी नळ्याही बदलून टाका. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसेल असं रबर नव्या गाड्यांना 2023 पासून आलं, पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराला लागून, बंद शेडमध्ये उभी करू नका.